मोरीखालची लेकुरवाळी

समरकंद,
६ मे, रविवार

प्रिय अंझुरतजान,

सलाम, आणि तुझ्या आकाचे, थोरल्या भावाचे आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक आहोत, तुम्हीही असाल. अंगणातली तुती यंदा अशी काही लगडलीय की चालताना चपला जमिनीला चिकटून मागे राहतात. तुझी वहिनी मुकद्दस रोज दोनदा अंगण धुते आणि रोज दोनदा मला ऐकवते, की हे झाड तुमच्यासारखंच आहे, उपयोग बेताचा आणि पसारा फार.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू "बरंय आका, ठेवते" म्हणतेस आणि खरंच ठेवतेस. पत्र तसं ठेवता येत नाही. कपाटात टाकलं तरी ते तिथून बघत राहतं. शिवाय आता टपालाची गरज नाही. नवरोझच्या सुमाराला सीमेचं फाटक उघडलं तेव्हापासून झायनिद्दिन टॅक्सीवाला रोज तुमच्या पंजकेंतला जाऊन येतो. अर्धं पंजकेंत आमच्या गल्लीत येऊन पुलाव खाऊन गेलं. शेजारच्या सफरबोबोंची आत्या आली, आत्याची सून आली, सुनेची माहेरची माणसं आली. फक्त त्यांची शेळी तेवढी यायची राहिली. आणि तू.

तू का आली नाहीस ते मला ठाऊक आहे, तुला ठाऊक आहे, आणि पलीकडच्या खोलीत चहा पीत बसलेल्या आईंनाही ठाऊक आहे. तेव्हा त्याविषयी मी एक अक्षर लिहिणार नाही. फाटक उघडलं त्याच आठवड्यात मी आईंना विचारलं होतं, "अंझुरतला बोलावू?" आईंनी पेल्यातला चहा संपवला. मग म्हणाल्या, "आधी मोरी वाहती कर."

म्हणून मी मोरीविषयी लिहितोय.

आईंच्या खोलीत दारामागच्या कोपऱ्यातली भोकाची शिळा तू विसरली नसशील. जन्मल्यावर आपल्या दोघांना तिच्यावरच न्हाऊ घातलं, लग्नाच्या दिवशी तुझे पाय तिच्यावरच धुतले, आणि शेवटी बाबांनाही तिच्यावरच. या घरात माणूस येतो तो त्या शिळेवरून आणि जातो तोही त्या शिळेवरून. हिवाळ्यात अंगणातला नळ गोठला की भांडीही तिथेच घासायची. तिच्याखालचा शोषखड्डा कुणा खापरपणजोबाने केलेला. पाणी त्यात गेलं की पुढे कुठे जातं, हे आजवर कुणी विचारलं नाही. गेली काही वर्षं मात्र तो कुरकुरत होता, आणि यंदा त्याने साफ तोंड मिटलं. तांब्याभर पाणी ओतलं तर घोटभर घेतो, जरा विचार करतो, आणि मग सगळं परत करतो, वर आपल्याकडून थोडा वास घालून.

मी शास्त्रोक्त विचार केला. ताश्कंदला संस्कृत शिकून आल्यापासून मी पोरांना धुरावरून अग्नीचं अनुमान करायला शिकवतोय. वासावरून गाळाचं अनुमान मला जड जाऊ नये. भोकाच्या तोंडाशीच काहीतरी अडकलंय, असा निष्कर्ष काढून मी तुतीची एक फांदी आत घातली. अख्खी गेली, निम्मी परत आली.

"आता फांदीही अडकली," मुकद्दस म्हणाली. "शाबास."

भिंतीपलीकडून सफरबोबोंनी डोकं वर काढलं. "काय दोमला, एवढे गुरुजी तुम्ही, तुमच्या त्या हिंदवी पोथ्यांत मोरीवर मंत्र नाही का एखादा?"

"आहे," मी म्हणालो, "पण मोरीला संस्कृत यावं लागतं."

शेवटी उस्ता हमरोकुल गवंड्याला बोलावलं. या शहरात जमिनीखाली जे जे काही आहे ते ते आपल्या वडिलांनी खणलं, असं तो सांगतो. थडग्यांचंही तो नाही म्हणत नाही. त्याने शिळेला कान लावला, डोळे मिटले, आणि वैद्याने नाडी बघून मान हलवावी तशी मान हलवली.

"गेली," म्हणाला.

"कोण?"

"मोरी. दोमला, ही फोडायची. वरून गुळगुळीत फरशी, खालून प्लास्टिकचा पाइप, तो न्यायचा अंगणात तुतीखाली. तिथे नवा खड्डा, त्यात ट्रॅक्टरचे जुने टायर एकावर एक. तुमच्या नातवंडांनाही बघायला नको."

"आणि तुतीची मुळं?"

"तुती तोडायची."

"आणि ही शिळा?"

"अंगणात ठेवा. वर बसून चहा प्या."

आई हे सगळं आपल्या गादीवरून ऐकत होत्या. त्यांनी मुकद्दसला खूण केली, तिच्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या, सावकाश चालत आल्या आणि सरळ मोरीच्या शिळेवर उशी टाकून बसल्या.

"चहा इथेच आण," म्हणाल्या. "उस्तांचं म्हणणं आहे की शिळेवर बसून प्यावा."

"बीबीजान," हमरोकुल काकुळतीला आला, "तुम्ही उठल्याशिवाय काम कसं व्हायचं?"

"तेच म्हणते मी."

दुपारभर धरणं चाललं. चहाचे पेल्यांवर पेले झाले. पेला हल्ली त्या उजव्या हाताने घेतात आणि रिकामा झाला की खाली न ठेवता मुकद्दसच्या हातात देतात, एखाद्या अमीराच्या बेगमेसारख्या. ते असो. हमरोकुलने अखेर नानवर हात ठेवून शपथ घेतली, की शिळेला टवकाही उडू देणार नाही, नुसती उचलेन. तेव्हा कुठे बेगम उठल्या.

आता राहिलं ते, ज्याविषयी एक अक्षर लिहिणार नव्हतो. बाबा गेले त्या दिवशी तू फोन केलास आणि आई तुला म्हणाल्या, "बापाच्या पाण्याला जी आली नाही, तिने माझ्याही पाण्याला येऊ नये." सीमा बंद होती, आणि हे त्यांना माहीत होतं. आईच्या शेवटच्या न्हाणाला लेकीने पाणी ओतायचं असतं. तिथेच नको म्हटल्यावर लेकीला यायला दारच कुठलं उरलं? आणि आईंचा शब्द फिरत नाही. लहानपणी एकदा "आज कुणाला जेवण नाही" म्हणाल्या तर स्वतःही उपाशी राहिल्या होत्या, आठवतं?

पण "आधी मोरी वाहती कर" हाही त्यांचाच शब्द आहे, आणि नंतरचा आहे. नंतरच्या शब्दाने आधीच्या शब्दाला बाध येतो, असं आमचे मीमांसक सांगतात. तेव्हा तू या घरात येशील की नाही, हे सध्या त्या भोकाखाली काय आहे यावर आहे. उद्या शिळा उचलतोय. मला तर परीक्षेच्या आदल्या दिवशीसारखं होतंय!

तुझा आका,
मिर्झोहिद


समरकंद,
१० मे, गुरुवार

अंझुरतजान,

जर्दाळू पोचले. चिठ्ठी नव्हती, मी पिशवी दोनदा उलटी करून बघितली. पण झायनिद्दिन म्हणाला, "पत्र वाचलं त्यांनी. मग गाडीपाशी आल्या आणि एवढंच विचारलं, कुठवर तुंबलीय?"

वा! बहीण असावी तर अशी. भावाची तब्येत नाही, भाच्यांची परीक्षा नाही. कुठवर तुंबलीय! तर ऐक कुठवर.

अंझुरत, खाली रांजण आहेत! शिळा उचलली, हमरोकुलने पहार लावून, मी नुसता "जपून, जपून" म्हणून, आणि सफरबोबोंनी भिंतीवरून दोघांनाही चुकीच्या सूचना देऊन. खाली बघतो तर काळोखात एक गोल ओठ. मातीचा रांजण, पालथा आणि बिनबुडाचा. त्याच्या खाली आणखी एक तसाच, त्याच्याही खाली आणखी एक. अंगाला बोटाएवढी भोकं पाडलेली, आणि बाहेरून चहूकडे वाळू आणि विटांचे तुकडे भरलेले. पाणी वरून येतं आणि भोकाभोकातून झिरपत मातीत जातं. इतकं साधं! आणि इतकं देखणं, की मी पोटावर पालथा पडून बघतच राहिलो. मुकद्दसने येऊन माझा सदरा मागून धरला. तिला वाटलं आता हाही जातोय.

आयुष्यभर मी "घट" या एका शब्दावर पोट भरलं. घट कसा होतो, घट कसा फुटतो, फुटल्यावर त्याच्या आतलं आकाश मोठ्या आकाशात कसं मिळतं, हे मी पोरांना घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. पण खराखुरा घट प्रथमच भेटला, आणि तोही माझ्याच घरात, माझ्याच मोरीखाली. फक्त आत आकाश नव्हतं.

आत होतं काहीतरी पांढरट-पिवळं, साबणाच्या वडीसारखं घट्ट. हमरोकुलने खरवडून नाकाशी नेलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"चरबी! पुलावातली, मेंढीच्या शेपटीची. दोमला, तुमच्या घराने इथे मेंढरू पुरलंय." आणखी खरवडून म्हणाला, "एक नाही. कळप."

आता मला सांग, पुलावावर थंड पाणी मागणाऱ्या माणसाला आपल्या गावात काय म्हणतात? "वेडा झालास? पोटात चरबी गोठेल!" आणि लगेच गरम चहा हातात. स्वतःच्या पोटाची एवढी काळजी. आणि घरालाही पोट आहे हे कुणाच्या ध्यानीमनी नाही. कढई धुतली की ते पाणी आपण आधी निवू देतो, वर गार पाण्याचा तांब्या ओततो, बोट बुडवून बघतो, आणि मग मोरीत सोडतो. कारण मोरीखाली जिन्नाची बायको राहते, तिची लेकरं शिळेखाली निजलेली असतात, आणि कढत पाणी पडलं तर ती पोळतील. आजीने आईंना सांगितलं, आईंनी आपल्याला सांगितलं, आणि मुकद्दस लग्न होऊन आली तेव्हा तिला चहाआधी हे सांगण्यात आलं. परक्याच्या लेकरांना जपता जपता आपण त्यांच्या अंथरुणात चरबी गोठवत बसलो.

"लेकरं थंडीनेच गेली असतील," मुकद्दस पुटपुटली, आईंना ऐकू जाणार नाही अशा बेताने.

एक कोडं मात्र सुटत नाही. नियम पिढ्यान् पिढ्यांचा आणि तुंबणं एवढ्यातलं. मग इतकी वर्षं ही चरबी गेली कुठे?

हात पुरतो तिथवर सगळं खरवडून काढलं. बादल्यांवर बादल्या भरल्या. गल्लीतली मांजरं आमच्या दाराशी सभा भरवून बसलीत. वरचे दोन रांजण स्वच्छ झाले. तिसऱ्याच्या तोंडाशी पुन्हा तेच पांढरं बूच, आणि तिथे ना हात पोचत ना पळी. पाणी ओतलं तर दोन्ही रांजण काठोकाठ भरले आणि पाणी शांतपणे उभं राहिलं. हमरोकुलला आता लोखंडी सळई ठोकायची आहे. म्हणतो, "एक दणका, की बूच खाली." एका दणक्यात रांजण फुटला तर भोवतालची माती बसेल, मग खड्डाही गेला आणि मोरीही गेली. मी त्याला उद्या-परवा करून थोपवलंय.

आई त्या उभ्या पाण्याकडे बघत होत्या. डोक्याचा रुमाल जरा एका बाजूला सरकला होता. हल्ली तो मुकद्दस बांधते, आणि तिची गाठ नेहमी उजवीकडे जाते. बघता बघता म्हणाल्या, "त्या दिवशीही असंच उभं होतं."

कुठल्या दिवशी, हे मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. बाबांना न्हाऊ घातलं ते पाणी उतरलंच नाही. पुरुष बाबांना घेऊन निघून गेले आणि पाणी तसंच, उंबऱ्याला टेकलेलं. त्या पाण्यावर कुणाचा पाय पडता कामा नये, म्हणून आई त्याच्यासमोर एकट्या राखण करत बसल्या. त्या बसल्या होत्या तेव्हा तुझा फोन वाजला.

हे मला ठाऊक नव्हतं. तुलाही नसणार. बाकी काही नाही, कळवलं एवढंच.

तुझा आका,
मिर्झोहिद


समरकंद,
१४ मे, सोमवार

अंझुरत! अंझुरत! अगं अंझुरत!

सलाम-दुआ मागाहून. पाणी गेलं!

थांब, क्रमाने सांगतो, नाहीतर तू म्हणशील आका म्हातारपणी बहकला. शनिवारी झायनिद्दिन आला. मला हाताला धरून नानच्या दुकानामागे घेऊन गेला, इकडेतिकडे बघितलं आणि कुजबुजला, "तुमच्या बहिणीचा निरोप आहे. राख घालून उकळलेलं पाणी ओता. त्या माहेरी यायच्या तेव्हा दर खेपेला हेच करायच्या, गुपचूप. आईंना सांगू नका." एवढं कुजबुजून झाल्यावर त्याला त्याचा अर्थ उमगला आणि तो एकदम ओरडला, "म्हणजे दोमला, तुमची बहीण जिन्न उकडायची की काय?"

भट्टीपाशी नान घ्यायला उभ्या असलेल्या सगळ्या बायांनी वळून बघितलं. तेव्हा गुपिताचं म्हणशील तर ते तिथेच संपलं.

म्हणजे "वहिनी, तू बस, कढई मी घासते" ते हे होतं तर! आणि मी चारचौघांत तुझ्या कष्टाळूपणाचं कौतुक करत होतो. फाटक बंद झालं, तुझं येणं थांबलं, आणि आमची मोरी गोठायला लागली. फाटकाला कुलूप घालणाऱ्यांनी बाकी सगळा विचार केला असेल. समरकंदमध्ये आपल्या आईंच्या, रिसोलत बीबीच्या मोरीचं काय होईल, हा नक्कीच केला नसणार.

आता आईंना सांगणं भाग होतं. त्यांच्या परवानगीशिवाय कढत पाणी त्या खोलीत न्यायची छाती ना माझी ना हमरोकुलची. मी समोर जाऊन बसलो, घसा साफ केला आणि सुरुवात केली, "आई, शास्त्रात असं म्हटलंय, की..."

"अंझुरतने काय निरोप धाडलाय ते सांग."

सांगितलं. मुकद्दसने ओढणीचं टोक तोंडात धरलं.

"वाफ दिसायची," आई अखेर म्हणाल्या. "खिडकीच्या काचेवर. मला काय वाटत होतं, गार पाण्याची वाफ येते?"

"मग कधी बोलला नाहीत ते?"

"कुठल्या तोंडाने बोलणार? माझी सासू दुपारची कलंडली की मीही ओतायचे."

मुकद्दस ताडकन उभी राहिली. "म्हणजे या घरात मी एकटीच? इतकी वर्षं? प्रत्येक पातेल्यात बोट घालून घालून?"

"तुला सांगितलं ते तू ऐकलंस," आई म्हणाल्या. "हा काय माझा दोष?"

अंझुरत, मोरी तुंबवली ती घरातल्या एकुलत्या एका आज्ञाधारक माणसाने! मी हसू आवरायला तुतीखाली पळालो. मुकद्दस अजून माझ्याशी धड बोलत नाही, जणू ते आज्ञापालन मीच तिच्या गळ्यात बांधलं.

काल रविवारी सकाळी अंगणात मोठी कढई चढवली, लग्नातल्या पुलावाची. बाजारातून खाऱ्या झुडपांची राख आणून त्यात कालवली. पाणी असं उसळायला लागलं, की सफरबोबो पुलावाच्या आशेने आले आणि वास घेऊन परत फिरले. मग करमेना म्हणून पुन्हा आले. हमरोकुलने पहिली बादली भरून दारात आणली आणि आईंनी हात वर केला.

"थांब. चोरून ओतणं वेगळं. घरच्या बाईने उघड ओतायचं तर आधी तिला सांगायला हवं."

"कुणाला, बीबीजान?"

आई उठल्या. मुकद्दसला धरून मोरीपाशी गेल्या, बसल्या, आणि त्या गोल काळोखावर वाकून बोलायला लागल्या. जसं आहे तसं लिहितोय, एक शब्दही माझा नाही.

"बाई गं, ऐक. मी रिसोलत. तुझी पोरं उठव आणि बाजूला घे, कढत पाणी येतंय. ओतायचं नाही असं मीच सांगून ठेवलं होतं. तो शब्द मी परत घेते."

हमरोकुल बादली घेऊन तसाच उभा. आई उठतील म्हणून मुकद्दसने हात पुढे केला, तर त्या उठेनात. आणखी वाकल्या. आवाज खाली आला, पण खोली लहान आहे.

"आणखी एक बोलले होते मी. इथेच बसून बोलले होते, पाणी उभं होतं तेव्हा. तूही ऐकलं असशील. माझी मुलगी त्या दिवशी फाटकाशी बर्फात उभी होती, अंधार पडेपर्यंत. शिपायांच्या पाया पडत होती. हे मला मागून कळलं. कळूनही मी शब्द तसाच ठेवला. तोही घेते परत. तुझी पोरं तुझ्या कुशीत आहेत, बाई. सरक जरा."

मग वर बघून हमरोकुलला म्हणाल्या, "ओत. बघत काय बसलास?"

पहिली बादली ओतली. पाणी उभंच. दुसरी, तिसरी. वाफेने खोली भरली, कुणाचं तोंड कुणाला दिसेना, आणि खरं सांगायचं तर ते बरंच झालं. हमरोकुल सारखा आत-बाहेर धावत होता. आणि मग खाली, फार खाली, काहीतरी गुडगुडलं. थांबलं. पुन्हा गुडगुडलं, म्हाताऱ्या माणसाच्या घशात अडकलेला घास उतरावा तसं. आणि एकाएकी सगळं पाणी गरकन भोवरा घेऊन खाली! आम्ही ओतत राहिलो, ती पीत राहिली!

"प्यायली! प्यायली!" हमरोकुल ओरडला, जसं काही अडलेल्या गायीचं वासरूच दुधाला लागलं. सफरबोबोंनी भिंतीवरूनच दुआ मागायला दोन्ही हात उचलले आणि पडता पडता वाचले. मुकद्दस रडत होती आणि रडता रडता कढईला शिव्या देत होती. मी संस्कृतात मोठ्याने काहीतरी म्हणालो म्हणे. काय ते मला आठवत नाही. हमरोकुल मात्र गल्लोगल्ली सांगत सुटलाय, की चरबीवर हिंदवी मंत्र चालतो, आणि ते रांजण त्याच्या वडिलांनी बसवलेत.

आता या आनंदाच्या भरातच उरलेलं लिहून टाकतो, नाहीतर पुन्हा राहून जाईल.

जानेवारीत आईंना झटका आला. डावी बाजू गेली होती. बोलणं लवकर परत आलं, पाय बराचसा आला, हात आला नाही. पेल्याचं आणि रुमालाचं जे गमतीने लिहीत होतो, ते हे. तुला कळवायचं नाही असं त्यांनी बजावलं होतं. "दुखणं ऐकून आली, तर ती माझ्याकडे आली असं कसं म्हणू?" असं म्हणाल्या. पुन्हा झटका येईल का, याला डॉक्टर हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत.

मोरीसाठी त्यांचा हट्ट सुरू झाला तेव्हा मला वाटलं, की ही त्या शेवटच्या न्हाणाची तयारी चाललीय. म्हणूनच मी घाईघाईने भोकात फांदी घातली, आणि म्हणूनच एवढे विनोद करत होतो. काल संध्याकाळी, सगळे पांगल्यावर, धीर करून विचारलं, "आई, मोरीची एवढी घाई कशासाठी?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू इतकं शिकून मी अखेर ढ निघालो.

"मेल्यावर माझे केस कोण धुतं, याने मला काय फरक पडतो? तेव्हा डोळ्यांत दही जात नाही. आत्ता जातं. अंझुरतच्या हातून कधी गेलं नाही."

जानेवारीपासून त्यांचे केस धड धुतलेले नाहीत. मुकद्दस ओल्या फडक्याने पुसते. दह्याने न्हाऊ घालते म्हणून तिने किती विनवलं, तर उत्तर एकच: मोरी तुंबलीय. आणि ते खरंच होतं, अंझुरत. त्यात दुसरं काही नव्हतंच.

आज सकाळी त्यांनी दूध मागवून घेतलं आणि स्वतः विरजण लावलं. मुकद्दसला भांडं धरू दिलं नाही. दोन गुडघ्यांत धरलं आणि एका हाताने लावलं. भांडं मोरीच्या शिळेशेजारी झाकून ठेवलंय. गुरुवारी रोजे सुरू होतात. बुधवारपर्यंत दही केसांना लागतं तसं आंबेल. त्यानंतर ते कशाच्याच उपयोगाचं नाही, आणि मोरीत ओतावं म्हटलं तर या घरात आता चिमूटभर स्निग्ध पदार्थालाही सक्त मनाई आहे.

झायनिद्दिनला सांगितलंय, बुधवारी परतताना पुढची जागा कुणाला देऊ नकोस. मागे बसलं की तुला मळमळतं.

आईंना विचारलं, तुमच्याकडून काय लिहू? म्हणाल्या, "लिही, येताना कंगवा आण. इथल्यांचे दात फार बारीक आहेत."

पाणी तापवायला ठेवतो.

तुझा आका,
मिर्झोहिद